सातानंतरचे ठोके

१

मुरुमटोल्याच्या लाकूड डेपोत दिवसातून तीनदा तास वाजायचा. सकाळी सहाचा, दुपारी बाराचा आणि संध्याकाळी सातचा. ऑफिसच्या खोलीत भिंतीवर एक जुनं घड्याळ होतं. चौकीदार कोलू त्याच्यासमोर हात मागे बांधून उभा राहायचा, काटा जागेवर आला की बाहेर यायचा आणि चिंचेच्या फांदीला तारेनं टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा हाणायचा. सातचा तास सगळ्यांत मोलाचा. उन्हाळ्यात वणव्याची भीती; जंगलात पालापाचोळा काढायला गेलेली माणसं त्या आवाजाच्या रोखानं परत येत.

मनकर्णाचा सगळा दिवस त्या तासांवर चालायचा. सहाला सडा, बाराला जेवणं, आणि सातचे ठोके पडले की चुलीवरच्या आधणात तांदूळ. छप्पन सालचा चैत्र होता. धानोऱ्याहून नऊ कोस आत, सागाच्या ओंडक्यांच्या उंच थप्प्यांमध्ये, कवेलूच्या छपराखालच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा धाकटा भाऊ गुणवंत राहत होते. गुणवंत डेपोचा कारकून. ओंडक्याची लांबी मोजायची, घेर मोजायचा, लिहून ठेवायचं, एवढंच काम.

खरं तर तो कारकून व्हायचा मुलगा नव्हता. मनकर्णा एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन ब्रह्मपुरीला माहेरी परत आली तेव्हा गुणवंत नऊ वर्षांचा होता. आईबाप पाठोपाठ गेले. लोकांचं धान कांडून, मुरमुरे भाजून तिनं त्याला नागपूरच्या कॉलेजात धाडलं. त्याचं गणित असं होतं की मास्तर लोक त्याला उदाहरणं विचारायला यायचे. आणि शेवटच्या परीक्षेला तो तीन तास पहिल्याच प्रश्नापाशी बसून राहिला. तो सुटेना म्हणून पुढचा घेतला नाही. पेपर कोरा देऊन घरी आला, आणि त्यानंतर चार वर्षं त्यानं पाटीवर एक आकडा काढला नव्हता.

मनकर्णानं त्याला कधी बोल लावला नाही. पण संध्याकाळी तो ओट्यावर नुसता बसलेला दिसला की तिचं हातातलं काम थांबायचं.

२

त्या दिवशी कोलूनं सात दिले. मनकर्णानं तांदूळ वैरले, झाकण ठेवलं, आणि मग आणखी तीन ठोके पडले.

ती बाहेर आली. कोलू हातोडा खुंटीला अडकवून बिडी पेटवत होता.

"कोलूभाऊ, दहा काऊन मारले?"

"दहा कायले मारू बाई? मी सातच मारलो."

"मंग ते तीन?"

कोलूनं तिच्याकडे पाहिलं, मग रुळाकडे. रूळ स्थिर लोंबत होता. "डोंगरातून आवाज परत येत असंन," तो म्हणाला.

मनकर्णाला ते पटलं. आवाज परत येतो, सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त हात धुताना तिच्या मनात आलं, की गेल्या चार महिन्यांत तो एकदाही परत आला नव्हता. आणि आलाच, तर सातचे तीन होऊन कसा येईल?

"तुले ऐकू आले का रे?" तिनं जेवताना गुणवंतला विचारलं.

"आले," तो म्हणाला. "त्र्याहत्तर."

"काय त्र्याहत्तर?"

"सात अन् तीन." आणि तो हसला. फार दिवसांनी हसला.

दुसऱ्या दिवशी सात पडले. थोडा वेळ गेला. तीन पडले. पुन्हा थोडा वेळ गेला, आणि मग नऊ. मनकर्णानं बोटांवर मोजले. लोखंडावर लोखंडाचाच आवाज होता, पण चिंचेकडून येत नव्हता. थप्प्यांच्या पलीकडून, जंगलाच्या बाजूनं येत होता. तिनं ओसरीवरून पाहिलं तर कोलू अंगणात बसून पायातला काटा काढत होता. सातानंतर त्यानं मान वर केली नाही.

३

तिसऱ्या दिवशी दुपारी गुणवंतनं घरातली जुनी पाटी शोधून काढली. मनकर्णा चिंच फोडत बसली होती. तिच्या पुढ्यातले सात चिंचोके त्यानं उचलले.

"बाई, याचे सारखे वाटे करून दाखव."

तिनं दोनदोन केले, एक उरला. तीनतीन केले, एक उरला. "नाई होत," ती म्हणाली. "एकएकच ठेवावा लागते."

"तसंच त्र्याहत्तरचं. तसंच सातशे एकोणचाळीसचं. कितीही कर, सारखे वाटे पडत नाईत. अशा संख्येले मूळ संख्या म्हणतेत." तो भराभर बोलत होता, त्याचे डोळे चमकत होते. "आता पाह्य. सातशे एकोणचाळीसच्या मागं एक आकडा लावायचा, अन् तरी वाटे पडू द्यायचे नाईत. एक लावला तर एकोणीसनं कटते. सात लावला तर तेरानं कटते. नऊ लावला तर सातनं. सम आकडा तर चालतच नाई, अन् पाचबी नाई. उरला कोणता?"

"तीन," मनकर्णा म्हणाली.

"आज तीन येईन. दुसरा येऊच शकत नाई."

संध्याकाळी दोघंही ओट्यावर बसून राहिली. सात. तीन. नऊ. मग थांबणं आलं, आदल्या दिवसापेक्षा लांब. आणि तीन.

गुणवंतनं मांडीवर थाप मारली. "जो कोणी हे ठोके मारते ना बाई, त्याले गणित पक्कं येते!"

मनकर्णाच्या मनात आलेला विचार तिनं बोलून दाखवला नाही. इथं दहा कोसांत कोण आहे असा? तरी तिला आनंद झाला होता, हे खरं. चार वर्षांनी तिचा भाऊ पाटी घेऊन बसला होता. तिनं त्या रात्री त्याच्या भातावर जास्त तूप वाढलं.

४

चौथ्या दिवशी तिनं तांदूळ आधीच वैरले होते, आणि भात उतू जाऊ नये म्हणून ती ठोक्यांच्या वेळी चुलीपाशीच होती. म्हणूनच तिला ते कळलं.

सात पडले. मग मधलं थांबणं आलं. पातेल्यात भात खदखदत होता. पाणी उसळून काठावर येत होतं, झाकण हलत होतं. आणि आवाज नव्हता. चुलीतलं लाकूड फुटून ठिणगी उडाली, तीही मुकी. मनकर्णानं पळी पातेल्याच्या काठावर आपटली. हाताला दणका बसला, कानाला काही आलं नाही.

तीन पडले, तेव्हा भाताचा आवाज परत आला, आणि ते संपताच पुन्हा गेला.

पुढच्या प्रत्येक थांब्यात असंच. शेवटचा, नवा आकडा यायच्या आधीचा थांबा सगळ्यांत लांब होता. तिनं स्वतःचे श्वास मोजले, अकरा भरले. श्वासाचाही आवाज नव्हता. मग नऊ पडले.

गुणवंत ओट्यावरून ओरडला, "नऊच! मी म्हणलो होतो!"

"गुणवंत, मधात आवाज बंद होते का रे?"

"कशाचा?"

"सगळ्याचा."

"होत असंन," तो म्हणाला. पाटीवरून त्यानं मान वर केली नाही. "नाईतर आकडा कुठी संपला ते कसं कळंन?"

५

पाचव्या दिवशी मनकर्णानं कोलूला हात जोडले. "कोलूभाऊ, आज सातचा तास देऊ नका."

कोलूनं का म्हणून विचारलं नाही. त्यानं गुणवंतबाबूचे लाल झालेले डोळे पाहिले होते. तो म्हणाला, "आज जंगलात कोणी गेलंबी नाई." त्यानं हातोडा उचलून आपल्या झोपडीत नेला. थोड्या वेळानं परत आला आणि रुळाची तारही सोडली. रूळ मातीवर उताणा पडून राहिला.

सात वाजले. रूळ मातीत पडलेला मनकर्णाला समोर दिसत होता, आणि जंगलाच्या बाजूनं सात ठोके पडले.

"कोलूभाऊ, आले ना ऐकू?"

"नाई बाई," कोलू म्हणाला. "मले काईच नाई आलं." तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याची बायको सुकरी मोहफुलांची टोपली घेऊन दारात उभी होती. तिनंही मान हलवली. म्हणजे ऐकणारी माणसं दोनच. मनकर्णाला वाटलं, आपल्या दोघांच्याच डोक्यात काही बिघडलं असेल. एका आईची लेकरं आपण, एकाच रोगानं धरलं असेल. हा विचार भयंकर होता, पण त्यात एक आधार होता: रोगाला औषध असतं.

त्या संध्याकाळी सहावा आकडा आला. एक.

गुणवंत पाटी घेऊन आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "बाई, आज चार दारं उघडी होती. एक, तीन, सात, नऊ, चारही चालत होते. इतकी मोकळीक त्याले पहिल्यांदाच भेटली."

"मंग?"

"तीन घेतला असता तरी एकच आकडा पुढं जाता आलं असतं. सात अन् नऊ घेतले असते तर उद्याच वाट बंद. एक घेतला तर दोन आकडे." तो पाटीकडे पाहत राहिला. "त्यानं सगळ्यांत लांबची वाट घेतली. म्हणजे त्याले पुढचं दिसते."

"अन् मंग? दोन आकड्यांनंतर?"

तो पाटी घेऊन पुन्हा ओट्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णानं धानोऱ्याच्या दवाखान्यात जायचं काढलं. गुणवंतनं कागद पुढे केला. जंगलखात्याच्या रेंज कचेरीतून आलेला हुकूम होता: वणव्याच्या दिवसांत कारकुनानं डेपो सोडू नये. "चिठ्ठी पाठवू, सुट्टी मागू," ती म्हणाली. चिठ्ठी जाऊन उत्तर यायला चार दिवस. ती एकटी निघाली, तर त्याला इथं कोणाच्या भरवशावर सोडायचं? ती फाटकापर्यंत गेली. दोन्ही बाजूंना ओंडक्यांच्या भिंती, मध्ये बैलगाडीपुरती वाट, वाटेच्या टोकाला वाळक्या पानांचं जंगल. तिथं उभी राहून ती परत आली आणि चूल पेटवली.

६

सातवा आकडा तीन होता. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गुणवंत भागाकारच करत राहिला. पाटी पुरेना म्हणून कोळशानं भिंतीवर, मग जमिनीवर. ऑफिसात पाऊल टाकलं नाही. हजारावर भागाकार झाले. एकही पूर्ण गेला नाही. मनकर्णा जमिनीवरचे आकडे न पुसता चालायला शिकली.

संध्याकाळी आठवा आकडा आला. तीन.

त्याआधीच्या थांब्यात मनकर्णानं मोजणं सोडून दिलं. ती भिंतीला टेकून, तोंडात पदर कोंबून बसली होती. हाका मारून काही उपयोग नव्हता, हे तिला कळलं होतं. ते तीन ठोके पडले तेव्हा तिला रडू फुटलं, आणि स्वतःच्या रडण्याचा आवाज ऐकून बरं वाटलं.

गुणवंतनं पूर्ण संख्या भिंतीवर काढली. ७३९३९१३३. आणि ती वाचली, देवाचं नाव घ्यावं तशी हळू. "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. शेवटून एकेक आकडा पुसत जा बाई, कुठंही थांब. वाटे पडत नाईत."

"झालं ना मंग आता?"

"नाई. नववा राह्यला."

रात्रभर तो नवव्याच्या मागे होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठव्या दिवशी, दुपारी त्यानं कोळसा खाली ठेवला.

"एक लावला की तीननं कटते. सातबी तसाच. तीन लावला तर एकशे सत्तावीसनं कटते. नऊ आता कटला. बाई, नववा आकडा नाई. याच्या पुढं रस्ताच नाई."

"चांगलं झालं. म्हणजे बंद होईन."

"बंद होणार असतं तर काल त्यानं सांगितलं असतं." हे त्याला कुठून कळलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो उठला, तिच्यापाशी आला आणि लहानपणी यायचा तसा तिच्या पदराचं टोक धरून म्हणाला, "बाई, मले इथून ने. सात वाजायच्या आधी ने."

हुकूम गेला चुलीत. मनकर्णानं एक गाठोडं बांधलं. कोलूनं बैल जुंपले. बाबूला ताप चढलाय, धानोऱ्याच्या दवाखान्यात नेतो, असं त्यानं आपल्या जावयाला सांगितलं आणि डेपो त्याच्या हवाली केला. ते निघाले तेव्हा दोन वाजले असतील.

७

वाट उतरणीची होती. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, चाकं करकरत होती, खाली सागाची मोठाली पानं चुरमुरत होती. मनकर्णाला ते सगळे आवाज इतके आवडत होते की ती मधूनमधून उगाच बोलत होती. गुणवंत तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला डोळा लागला.

पाच कोस मागे पडले. ऊन गेलं, उजेड राहिला. घड्याळ नव्हतं, म्हणून सात कधी वाजले ते कोणाला कळलं नाही. पण ते वाजले. मागून नव्हे. इतक्या लांबून दबून यावा तसा आवाज नव्हता. रोजच्याइतकाच मोठा होता, उजव्या हाताला, झाडांच्या थोडं आत.

गुणवंत उठून बसला. मनकर्णानं त्याचं मनगट धरलं.

सात. तीन. नऊ. तीन. नऊ. मधल्या प्रत्येक थांब्यात बैलांच्या घंटा मुक्या व्हायच्या. एक. तीन. तीन.

आणि मग थांबणं.

चाकं फिरत होती, पण करकरत नव्हती. मनकर्णा वाट पाहत राहिली, की आता काही पडेल, नाहीतर घंटा वाजू लागतील. दोन्हीही झालं नाही. तिनं कोलूला हाक मारली. घसा ताणला गेला, शिरा फुगल्या, कोलूची पाठ तशीच. तेव्हा गुणवंतनं तिच्या तळहातावर बोटानं एक गोल काढला.

गोल काढून तो तिच्याकडे पाहत राहिला. तिला समजायला वेळ लागला. नववा आकडा आला होता. तो शून्य होता. शून्याला ठोके नसतात. आणि शून्य लावलं की त्या संख्येचे वाटे पडतात. दोनानं पडतात, पाचानं पडतात, कसेही पडतात, हे चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

तिनं झाडांकडे पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं. वीसेक हातांवर एका फांदीला रूळ टांगलेला होता. त्या वाटेवर चौकी नाही, डेपो नाही, गाव नाही. रुळापाशी कोणी तरी पाठमोरं उभं होतं. हातोड्याचा हात वर उचललेला होता. तो खाली येत नव्हता. थकून कापत नव्हता, हलत नव्हता, नुसता वर होता, आणि तो खाली येण्याची वाट पाहत सगळं जंगल गप्प होतं.

गुणवंत गाडीतून उतरला. तिनं मनगट सोडलं नाही, म्हणून तीही ओढली जाऊन खाली पडली. तो त्या झाडाकडे चालत होता; घाई नाही, ओढाताण नाही, शाळेत फळ्याकडे बोलावल्यावर जावं तसा. ती त्याच्या मागे पाचोळ्यातून घसटत गेली. तिचे गुडघे सोलले. तिनं एका रोपट्याला पाय अडकवला आणि दोन्ही हातांनी त्याला मागे ओढलं. किती वेळ ओढत होती, तिला सांगता येत नाही. एका ओंडक्यावर चार माणसं जोर लावतात तेवढा जोर त्या बाईनं एकटीनं लावला. शेवटी तो तिच्या अंगावर पडला.

घंटा वाजल्या. रातकिडे ओरडू लागले.

"काय झालं बाई?" कोलू गाडीवरून विचारत होता. "पडल्या काय?"

"किती वेळ झाला?" तिनं धापा टाकत विचारलं.

"कायचा वेळ? आत्ता तं उतरल्या."

झाडाखाली काही नव्हतं. फांदीही नव्हती. मनकर्णानं भावाला कवेत घेतलं, त्याचा चेहरा चाचपला. "गुणवंत, ठीक हायेस ना रे? बोल ना."

तो बोलला. ओठ हलले, तोंड उघडलं, मिटलं. तो नीट, सावकाश काही सांगत होता.

आवाज नव्हता.

८

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी घसा पाहिला. "घशात काही दोष नाही," ते म्हणाले. मग त्यांनी छातीला नळी लावली. थोडा वेळ ऐकलं. नळी कानातून काढून तिच्यात फुंकर मारली, पुन्हा लावली. मग स्वतःच्या छातीला लावून पाहिली, मग पुन्हा गुणवंतच्या. नाडी पाहिली, ती चालत होती. ते खुर्चीत मागे टेकले. "विश्रांती द्या," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा आणू नका असं काही न म्हणता त्यांनी दार उघडून धरलं.

मनकर्णा त्याला घेऊन जुन्या घरी राहिली. पुन्हा धान कांडू लागली. गुणवंत जेवायचा, झोपायचा, अंगणात फिरायचा. त्याच्या पावलांना आवाज नव्हता. तांब्या त्याच्या हातून फरशीवर पडायचा आणि नुसता गडगडत जाताना दिसायचा. पाटीवर तो लिहायचा, पण पेन्सिल कुरकुरायची नाही. शेजारच्या बायका पहिल्यांदा हळहळल्या, मग यायच्या बंद झाल्या.

एकदा त्यानं पाटी तिच्यासमोर धरली. लिहिलं होतं: "बाई, तू बोलत काऊन नाईस? इतके दिवस झाले."

ती जोरजोरानं बोलली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला, मग पाटी पुसून त्यानं लिहिलं: "अजून थांबलाच हाये. हात वर हाये." त्या दिवशी तिला समजलं, की गाडी धानोऱ्याला पोचली, आपण घरी आलो, पण तिनं ओढून आणलेला भाऊ अजून त्या वाटेवरच, त्या थांब्यात उभा आहे. तिला तो दिसतो, त्याला ती दिसते, आणि मधलं अंतर चालून जाता येत नाही.

वर्ष गेलं, त्यावर दोन महिने गेले. ती त्याच्याशी बोलत राहिली, कारण गप्प राहणं तिला सहन होत नव्हतं. काय भाजी केली, कोणाच्या घरी पाळणा हलला, सगळं सांगायची.

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी ती उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. गुणवंत समोर भिंतीला टेकून बसला होता. अचानक त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा उजळला, आणि त्यानं उजव्या हाताचा अंगठा दुमडला.

मनकर्णाचं सूप हातातच राहिलं. त्यानं पहिलं बोट दुमडलं. दुसरं. मधे अंतर सारखं होतं, ठोक्यांचंच अंतर. तिच्या जिवात जीव आला. हात खाली आला होता. पुढचा आकडा पडत होता. एक आकडा पडला की आवाज परत यायचा, रोज येत होता तसा. ती पुढे सरकली आणि त्याच्याबरोबर मोजू लागली, मोठ्यानं. "चार. पाच." उजवी मूठ मिटली. डावीचा अंगठा. "सहा. सात. आठ."

"नऊ," ती म्हणाली आणि थांबली. नवाच्या पुढे आकडा नसतो; ठोके आता थांबायला हवे होते.

त्याचं शेवटचं बोट दुमडलं. दोन्ही मुठी मिटल्या. तो तिच्याकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा आता उजळलेला नव्हता. त्यानं उजवी मूठ उघडली आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.

"पुरे, गुणवंत. पुरे रे राजा." तिनं त्याच्या दोन्ही मुठी आपल्या हातांत घेऊन घट्ट आवळल्या, बोटं हलू दिली नाहीत. बोटं हलली नाहीत. पण त्याच्या हाडांतून, मनगटातून, तिच्या तळहातांवर दणके येत होते. लोखंडावर लोखंड बसल्याचे, एकसारखे, न चुकता.

तेरा. चौदा. पंधरा.